बोल्केची तुकडी

ऑगस्ट १९१६ संपत आला होता. सोमच्या आघाडीमागे, बेर्तांकूर गावालगतच्या मैदानावर जर्मन लष्कराच्या हवाई शाखेची एक नवी तुकडी उभी राहत होती. कागदावर तिचं नाव यागडश्टाफेल २, बोलण्यात यास्टा २. स्थापनेचा हुकूम १० ऑगस्टला निघाला होता. २७ तारखेला तिचा प्रमुख हजर झाला, तेव्हा मोजके अधिकारी होते, साठेक जवान होते, चार इमारती होत्या. लढाऊ विमानांची तुकडी म्हणावी, तर विमान मात्र एकही नव्हतं. प्रमुखाचं नाव कॅप्टन ओस्वाल्ड बोल्के, वय २५.

पुढच्या सव्वादोन वर्षांत या तुकडीच्या नावावर ३३६ विमानं पाडल्याची नोंद झाली. बोल्के त्यांतले जेमतेम दोन महिने तिथे होता. तरीही तुकडी शेवटपर्यंत त्याचीच राहिली, आणि ते फक्त नावापुरतं नव्हतं.

बोल्के हा शाळामास्तरांचा मुलगा. जन्म १८९१ चा, हालेजवळच्या गीबिखेनश्टाइनचा. पुढे कुटुंब डेसाऊला स्थायिक झालं. पोराला दमा. तरी लष्करात जायचं वेड असं, की शाळकरी वयात त्यानं घरच्यांना न सांगता थेट कैसरला पत्र लिहून कॅडेट शाळेत प्रवेश मागितला. प्रवेश मिळत होता, पण वडिलांनी आधी शिक्षण पुरं कर म्हणून बजावलं. १९११ मध्ये तो तारायंत्राच्या पलटणीत दाखल झाला, तिथून विमानाकडे वळला, आणि महायुद्ध सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच वैमानिकाचा परवाना त्याच्या हाती आला. सुरुवातीचे महिने तो दोन आसनी टेहळणी विमान चालवी; सोबत निरीक्षक म्हणून बसायचा त्याचा सख्खा थोरला भाऊ, विल्हेल्म.

तेव्हा विमान म्हणजे लष्कराचा उंच गेलेला डोळा, एवढंच. शत्रूच्या तोफा कुठे, गाड्या किती, हे बघायचं आणि परत यायचं. एकमेकांना हात करून निघून जाणाऱ्या वैमानिकांच्या गोष्टी त्याच काळातल्या. १९१५ च्या उन्हाळ्यात फोकरचं एकपंखी विमान आलं आणि चित्र पालटलं. नाकावरच्या फिरत्या पंख्यातून मशीनगन झाडायची, तर गोळी पंख्याच्या पात्यालाच लागणार. फोकरच्या विमानात इंजिनाशी जोडलेली अशी कळ होती, की पातं बंदुकीच्या तोंडासमोर असेल त्या क्षणी गोळी सुटतच नसे. याचा अर्थ एवढाच, की वैमानिकानं विमानाचं नाक शत्रूकडे वळवलं, की नेम धरून झाला. दुवे गावच्या तळावर हे विमान पहिल्यांदा ज्यांच्या हाती पडलं त्यांत बोल्के होता आणि माक्स इमेलमान होता. १२ जानेवारी १९१६ रोजी दोघांनाही एकाच दिवशी ‘पूर ल मेरित’ हे सर्वोच्च पदक मिळालं. प्रत्येकाच्या नावावर आठ विमानं होती.

हा आठचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर्षभरानं मानफ्रेड फॉन रिख्तहोफेनला तेच पदक मिळालं, तेव्हा त्याला सोळा पाडावी लागली होती. पुढे वीसही पुरेनाशी झाली. सरकार वैमानिकाला मोजत होतं ते एकेकट्याला, आणि मोजपट्टी दरसाल लांबवत होतं.

जून १९१६ मध्ये इमेलमान मारला गेला. दोन नायक एकामागोमाग जाणं परवडणार नाही म्हणून कैसरनं बोल्केचं उड्डाण थांबवलं आणि त्याला बाल्कन, तुर्कस्तान, पूर्व आघाडी अशा दौऱ्यावर धाडून दिलं. या सक्तीच्या सुट्टीच्या तोंडावर, हवाई शाखेच्या प्रमुखांच्या सांगण्यावरून, त्यानं आपले अनुभव आठ नियमांत उतरवून दिले. तोवर हवेत लढायचं कसं, याचं लेखी शास्त्र असं कुणाकडेच नव्हतं; जो तो आपापल्या नशिबानं शिके, नाहीतर मरे.

नियम वाचले तर आज बाळबोध वाटतात. हल्ल्याआधी उंची मिळवा आणि सूर्य पाठीशी ठेवा. हात घातलात तर मध्येच सोडू नका. अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका. शत्रूवरची नजर हलवू नका. तो खाली कोसळतोय असं भासलं तरी ती हूल असू शकते. हल्ला मागून करा. कुणी वरून झेपावलाच तर पळू नका, तोंड वळवून त्याच्यावर जा. शत्रूच्या हद्दीत असाल तर परतीची वाट विसरू नका. हे सात नियम एकट्यासाठी होते. आठवा नियम तुकडीसाठी होता: चार-सहा जणांच्या गटानं हल्ला करा, आणि लढाई विस्कळीत होऊन एकास एक झालीच तर एकाच शत्रूवर दोघं जण तुटून पडणार नाहीत एवढी काळजी घ्या.

पहिल्या सातांवर बोल्केची कीर्ती उभी होती. यास्टा २ उभी राहिली ती आठव्यावर. त्याआधी लढाऊ विमानं टेहळणीच्या तुकड्यांना एक-एक, दोन-दोन अशी वाटून दिलेली असत; ज्याला जमेल त्यानं एकट्यानं शिकार करावी. सोमवर १ जुलैपासून ब्रिटिश आणि फ्रेंच विमानं जर्मन खंदकांवर राजरोस घिरट्या घालत होती, आणि सुटेसुटे फोकर त्यांच्यापुढे हतबल होते. लढाऊ विमानांच्या स्वतंत्र तुकड्या काढायचा निर्णय त्या नाचक्कीतून झाला.

माणसं बोल्केनं स्वतः हेरली. दौऱ्यात पूर्व आघाडीवर कोवेलला तो भावाला भेटायला थांबला होता. तिथल्या दोघांना त्यानं विचारलं, येता का? एक रिख्तहोफेन, घोडदळातून आलेला, चोवीस वर्षांचा, वैमानिक म्हणून तोवर सामान्यच. दुसरा एर्विन ब्योमे, वय ३७. ब्योमे इंजिनिअर होता, पूर्व आफ्रिकेत उसंबारा डोंगरात रज्जुमार्गाचं काम करून आलेला. लढाऊ वैमानिकाच्या हिशेबानं म्हाताराच. बोल्केनं वय बघितलं नाही, हे मला त्याच्या पारखीचं सगळ्यात मोठं लक्षण वाटतं.

१ सप्टेंबरला पहिली तीन विमानं आली. दुसऱ्याच संध्याकाळी बोल्के त्यांतलं एक घेऊन एकटा वर गेला आणि त्यानं कॅप्टन रॉबर्ट विल्सन या ब्रिटिश वैमानिकाचं डीएच-२ खाली आणलं. ती त्याची विसावी नोंद. विल्सन जिवंत हाती लागला. बोल्केनं त्याला तळावर आणवलं, कॉफी पाजली, हिंडून तळ दाखवला आणि मग कैदेत पाठवलं. अशा प्रसंगांवरून हवेतल्या सरदारी दिलदारीची बरीच पुराणं रचली गेली. ती खोटी नाहीत, पण त्यांत एक सोय आहे: ज्यांना कॉफी पाजता येत नसे, त्यांची संख्या बरीच मोठी होती.

यानंतरचे पंधरा दिवस तुकडीच्या वाटचालीतले सगळ्यात मोलाचे. विमानं पुरेशी नव्हती, म्हणून पोरं जमिनीवरच होती, आणि बोल्के त्यांना शिकवत होता. अडकलेली मशीनगन हातमोज्यांसकट, वाऱ्यात, कशी मोकळी करायची. शत्रूचं विमान लांबून नुसत्या आकारावरून कसं ओळखायचं. कोणत्या विमानाचा कोणता कोपरा आंधळा. एफई-२बी या ब्रिटिश विमानाचं इंजिन आणि पंखा मागे, तोफची पुढे, तेव्हा त्याच्या शेपटीखालून जाणाऱ्याला तो पाहूच शकत नाही. एकमेकांना धरून उडायचं म्हणजे किती अंतर ठेवायचं. सकाळी तो एकटाच उडून यायचा. मशीनगनच्या दारूच्या धुरानं हनुवटी काळी झालेली दिसली, की विद्यार्थ्यांना न विचारता कळायचं, आज एक पाडलं. आणि लगेच, कॉफीआधीच, नुकतंच काय घडलं त्याची चिरफाड सुरू व्हायची.

१६ सप्टेंबरला नव्या आल्बाट्रोस विमानांचा पहिला जथा आला. १६० अश्वशक्तीचं मर्सिडीज इंजिन, एकाऐवजी दोन मशीनगन. समोरच्या ब्रिटिश डीएच-२ वर एकच हलकी बंदूक होती, तिचं गोळ्यांचं डबडं दर काही क्षणांनी बदलावं लागे. बोल्केच्या शिकवणीचं कौतुक करताना हे यंत्र विसरून चालणार नाही. नियम तेच ठेवून हाती जुनं फोकर असतं, तर हा लेख लिहायचं कारण पडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, तुकडी पहिल्यांदा एकत्र उडाली. ब्रिटिश विमानं मार्क्वां स्टेशनावर बॉम्ब टाकायला येत होती. बोल्केनं आपली विमानं त्यांच्या आणि त्यांच्या हद्दीच्या मधोमध नेली, वर, सूर्याच्या बाजूला. मग तो स्वतः जरा मागे राहिला आणि शिष्यांना पुढे सोडलं. रिख्तहोफेनच्या वाट्याला ११ नंबर स्क्वॉड्रनचं एक एफई-२बी आलं. त्याचा वैमानिक लायनेल मॉरिस १९ वर्षांचा. निरीक्षक टॉम रीस, वेल्समधला. दोघंही वाचले नाहीत. रिख्तहोफेननं बर्लिनच्या सोनाराकडे पत्र टाकून तारीख आणि विमानाचा प्रकार कोरलेला चांदीचा छोटा पेला मागवला. पुढे तो असे पेले मागवतच राहिला. गटानं लढायला शिकवणाऱ्या शाळेतून पहिल्याच दिवशी बाहेर पडलेली ही वैयक्तिक चषकांची हौस; या तुकडीचा पुढचा सगळा ताण त्यात दिसतो.

ब्रिटिश तोफांचा मारा जवळ आला म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुक्काम लानिकूरला हलला. तुकडीची माणसंही पडू लागली होती; एक जण तर हवेतच शत्रूच्या विमानाला आदळून गेला. पण ऑक्टोबरभर आकाशाचा कल जर्मनांकडे झुकत गेला. यात वाऱ्याचाही हात होता. त्या भागात वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे ब्रिटिशांकडून जर्मनांकडे वाहतो. लढाई जुंपली की सगळी विमानं गोल गोल फिरत जर्मन हद्दीत आणखी आत सरकत. ब्रिटिश वैमानिकाला घरी जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर जावं लागे, पेट्रोल संपत आलेलं असे. जर्मन वैमानिक इंजिन बंद पडलं तरी आपल्याच शेतात उतरे. शत्रूला येऊ द्यायचं आणि आपण आपल्या दारात लढायचं, हे धोरण ब्रिटिशांना भित्रेपणाचं वाटलं. माणसं मात्र त्यांचीच जास्त मेली.

२६ ऑक्टोबरला बोल्केचा आकडा ४० वर गेला. बेर्तांकूरला आल्यापासून दोन महिन्यांत एकवीस.

२८ ऑक्टोबरला दुपारपर्यंत तो पाच वेळा वर जाऊन आला होता. सहाव्यांदा बोलावणं आलं. घाईत त्यानं कमरेचा पट्टा नीट आवळला नाही. शिरस्त्राण तो एरवीही घालत नसे. सोबत ब्योमे, रिख्तहोफेन आणि आणखी काही जण. समोर ब्रिटिशांच्या २४ नंबर स्क्वॉड्रनची दोनच डीएच-२ होती. बोल्के आणि ब्योमे एकाच विमानाच्या मागे लागले. दुसऱ्याचा पाठलाग रिख्तहोफेन करत होता, आणि ते पळतं विमान या दोघांच्या वाटेत आडवं आलं. दोघांनी एकदमच वळण घेतलं. आपापल्या पंखांनी एकमेकांना झाकल्यामुळे क्षणभर कुणालाच दुसरा दिसला नाही. ब्योमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला लागली. धक्का म्हणाल तर मामुलीच होता. पण पंखावरचं कापड फाटून सुटायला लागलं, आणि बोल्के घिरट्या घेत ढगाखाली गेला. ढगातून बाहेर आला तेव्हा वरचा पंख उरला नव्हता. तरीही त्यानं विमान बऱ्यापैकी सावरून एका तोफखान्याजवळ आदळवलं. पट्टा बांधलेला असता तर वाचला असता, असं पाहणाऱ्यांचं मत पडलं.

एका शत्रूवर दोघांनी जाऊ नये, हा आठवा नियम. तो लिहिणाराच त्याला बळी गेला, असं म्हणायचा मोह होतो. ते पुरतं न्याय्य नाही. सहा उड्डाणांनी थकलेला माणूस, दोन विरुद्ध सहा अशी गर्दी, आणि पाडलेलं विमान कुणाच्या तरी एकाच्या नावावर चढणार असा हिशेब. अशा वेळी नियम पाळायला आकाशात जागा लागते, तीच नव्हती.

ब्योमे उतरताना विमानासकट उलटला. त्याला खरचटलंदेखील नाही. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही, पण त्याचं समाधान झालं नाही. आनामारी ब्रूनिंग या तरुणीला त्यानं लिहिलेल्या पत्रांत हा प्रसंग बारकाव्यांसह आहे. कांब्रेच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. ब्रिटिश विमानानं येऊन जर्मन हद्दीत पुष्पचक्र टाकलं. कैदेतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही एक पाठवलं. त्यांत कॉफी प्यायलेला विल्सन होता. १७ डिसेंबरला कैसरच्या हुकुमानं तुकडीचं नाव बदललं: यागडश्टाफेल बोल्के.

नाव मिळालं, प्रमुख टिकेना. बोल्केच्या जागी आलेला श्टेफान किर्मायर २२ नोव्हेंबरला पडला. महिनाही पुरा झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी रिख्तहोफेननं त्याच २४ नंबर स्क्वॉड्रनचा प्रमुख लानो हॉकर याला बापोमजवळ गाठलं. हॉकर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी, बोल्केच्या तोडीचा. दोघं बराच वेळ एकमेकांभोवती गरगरत खाली खाली येत राहिले, वारा त्यांना जर्मन बाजूला ढकलत राहिला, आणि शेवटी हॉकरनं घराकडे धाव घेतली तेव्हा मागून गोळी लागली. परतीची वाट विसरू नका, हा नियम इथे शत्रूच्या बाजूनं खरा ठरला.

जानेवारी १९१७ मध्ये रिख्तहोफेनला स्वतःची तुकडी मिळाली, यास्टा ११. तोवर तिनं एकही विमान पाडलेलं नव्हतं. बोल्केकडून शिकलेलं त्यानं तिथे जसंच्या तसं लावलं, आणि एप्रिलमध्ये, आरासच्या लढाईत, ब्रिटिश हवाई दलाच्या तोवरच्या इतिहासातला सगळ्यात रक्तबंबाळ महिना घडला. म्हणजे तुकडीचं खरं कर्तृत्व तिच्या स्वतःच्या नोंदवहीत मावत नाही. तिथून उठून गेलेल्यांनी इतर तुकड्या घडवल्या.

घरात मात्र सगळं गोड नव्हतं. किर्मायरनंतरचा प्रमुख फ्रान्त्स वाल्त्स वयानं मोठा, संयमी, टेहळणीतून आलेला. वेर्नर फॉसनं वयाची वीस वर्षं जेमतेम पुरी होतात तोच, सहाच महिन्यांत २८ विमानं पाडली होती. त्याला वाल्त्स मिळमिळीत वाटला. त्यानं आणि आणखी एका अधिकाऱ्यानं सरळ वरिष्ठांकडे तक्रार केली, की हा प्रमुख लढाईला विटला आहे. लष्करात असली तक्रार म्हणजे शिस्तभंगच. फॉसची बदली झाली, पण तो नामवंत म्हणून दुसरीकडे कामचलाऊ प्रमुखपद देऊन. जोडीदाराला ती सवलत मिळाली नाही. वाल्त्सही फार दिवस राहिला नाही. आकडा मोठा असला की शिस्तीला सूट मिळते, हे सगळ्यांनी पाहिलं.

जूनमध्ये ओटो बेर्नर्ट आला. पायदळात असताना संगिनीच्या जखमेनं डावा हात निकामी झालेला, डोळ्यांवर चष्मा. हवाई दलाच्या कुठल्याही वैद्यकीय तपासणीत आज पहिल्या टेबलावरूनच परत जाईल असा माणूस. त्यानं २४ एप्रिलला एकाच सकाळी पाच ब्रिटिश विमानं पाडली होती. ऑगस्टमध्ये तो जखमी झाला आणि प्रमुखपद आलं ब्योमेकडे.

गुरूचा अपघाती मृत्यू ज्याच्या हातून झाला, तोच गुरूच्या नावाच्या तुकडीचा प्रमुख झाला. फ्लँडर्समध्ये, पासंडालच्या चिखलावर, त्यानं शरद ऋतूभर तुकडी नीट चालवली. आनामारीशी त्याचा साखरपुडा झाला होता. २४ नोव्हेंबरला त्याला ‘पूर ल मेरित’ जाहीर झालं. २९ तारखेला झोनेबेकवर एका साध्या दोन आसनी टेहळणी विमानावर झेपावताना तो पडला. ६ जानेवारी १९१८ ला पुढचा प्रमुख वाल्टर फॉन ब्यूलो गेला. ९ जानेवारीला त्याच्या जागी आलेला माक्स म्युलर गेला. पेटलेल्या विमानातून त्यानं उडी टाकली, तेव्हा पॅराशूट मिळत नसे. सहा आठवड्यांच्या आत तीन प्रमुख. किर्मायर आणि बोल्के धरून पाच.

एखादी संस्था अशानं मोडली असती. ही मोडली नाही, याचं श्रेय फेब्रुवारीत आलेल्या कार्ल बोलेला द्यायला हवं. बोले युद्धाआधी ऑक्सफर्डला अर्थशास्त्र शिकलेला. त्याच सुमारास तुकडी ब्रुनो ल्योर्त्सरच्या तिसऱ्या मोठ्या लढाऊ पथकात सामील झाली. चार यास्टा मिळून एक पथक. बोल्केचा आठवा नियम आता चार-सहा विमानांऐवजी तीस-चाळिसांना लागू होत होता. वसंतानंतर फोकर डी-७ हे त्या युद्धातलं बहुधा सर्वांत उत्तम लढाऊ विमान हाती आलं. आपल्या कोलकात्याचा इंद्रलाल रॉय तेरा दिवसांत दहा विजय नोंदवून २२ जुलैला पडला, तो दुसऱ्या एका यास्टाच्या याच विमानांशी लढताना, वय १९.

बोलेनं स्वतः ३६ पाडली. त्याच्या हाताखाली पाउल बॉयमर हा दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा ४३ वर पोचला. पण बोले युद्ध संपेपर्यंत प्रमुख राहिला आणि जिवंत राहिला, ही गोष्ट मला या आकड्यांहून मोठी वाटते. ४ नोव्हेंबरला त्यानं एकाच दिवसात चार विमानं पाडली. आठवड्यानं शस्त्रसंधी झाला. तुकडीचे ३१ वैमानिक तोवर मेले होते.

शस्त्रसंधीच्या अटींत फोकर डी-७ चं नाव घालून ती सगळी विमानं ताब्यात मागितली होती. तुकडीनं आपली विमानं बेल्जियममध्ये निव्हेलला ब्रिटिशांच्या हवाली केली. त्याआधी वैमानिकांनी रंगाचे डबे आणून प्रत्येक विमानाच्या अंगावर आपलं नाव आणि आपण पाडलेल्यांचा आकडा रंगवला, असं सांगतात. तुकडीचं नाव एकट्यानं मोठं केलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक असणारच. तरी रंगवलं ते आपापलंच.

बोल्केचं नाव पुढे नाझी राजवटीनं उचललं आणि एका बॉम्बफेकी पथकाला दिलं. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या हवाई दलानं कोलोनजवळच्या न्योर्वेनिख तळावरच्या पथकाला तेच दिलं. तेही वर्षानुवर्षं स्टारफायटर आणि टोर्नाडो घेऊन जमिनीवर बॉम्ब टाकायचा सराव करत राहिलं. आज त्या तळावर युरोफायटर आहेत, त्यामुळे लढाऊ वैमानिकाच्या नावानं चालणाऱ्या पथकाकडे हवेत लढणारी विमानं एकदाची आली.